पांढऱ्या झाकणाची डबी

गौरी: काका, अजून थोडं उघडा. हिरडीची खोली मोजायची एवढीशी सळई आहे, टोचत नाही. पाच... सहा... हे काय, परत सहा?

बाबाराव: आँ आँ आँ.

गौरी: बोलू नका हो, बोट चावाल माझं.

कौसल्या: चावतीन बाई. घरी पोळी चावत नाई त्याहिले, अठी बोट भेटलं तं सोडनार नाईत.

गौरी: थुंका आता. काका, मला एक समजत नाही. तीन महिन्यांपूर्वी आपण तुमचे सगळे दात साफ केले. मग दोन डब्या दिल्या. निळ्या झाकणाची उजवीकडच्या हिरड्यांना, पांढऱ्या झाकणाची डावीकडच्या, सकाळ-संध्याकाळ. महिन्याभरानं आलात तेव्हा दोन्ही बाजू सुधारत होत्या. आज उजवी छान आहे आणि डावी पहिल्यापेक्षा वाईट. एकाच तोंडात!

बाबाराव: डाव्या अंगाले मले जलमापासून नशीबच नाई, म्याडम. डावा पाय मोडला, डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू झाला. अन कौसल्या फोटोत डावीकडंच उभी हाय.

कौसल्या: दवाखान्यात तरी नीट बोला.

गौरी: डाव्या बाजूला ब्रश करताय ना?

बाबाराव: करतो तं! तुमी शिकवला तसा, गोल गोल.

गौरी: आणि तो तंबाखू-सुपारीचा खर्रा? सोडलात ना, मला शब्द दिला होता.

बाबाराव: हे काय विचारनं झालं? तीस वर्सं क्लॅरनेट वाजवून राह्यलो बँडमधी. वाजवणाऱ्याचा सबूद म्हंजे सबूद. तुमचं ते औषध, ते ह्याल... ह्याला...

गौरी: हायलुरॉनिक अ‍ॅसिड.

बाबाराव: तेच. अ‍ॅसिडच कमजोर असन. मले तं पह्यल्या दिवशीच भेव लागलं होतं, अ‍ॅसिड म्हनता अन तोंडात लावा म्हनता.

गौरी: नावाला अ‍ॅसिड हो. तुमच्या गुडघ्यात असतं, डोळ्यात असतं, कातडीत असतं. पाणी धरून ठेवतं, जखम भरायला मदत करतं. पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे, आता जंतू वाढवून कारखान्यात करतात.

कौसल्या: कोंबड्याचा तुरा? तरीच हे पहाटे चारले उठून पीं पीं करून राह्यले. आळी उठते सारी.

बाबाराव: रियाज म्हनते त्याले!

गौरी: आणि औषध कमजोर आहे की नाही, तेच तर शोधतेय मी. वीस पेशंट आहेत माझ्या अभ्यासात. प्रत्येकाच्या एका बाजूला औषध, दुसऱ्या बाजूला दिसायला तशीच साधी जेली. कोणत्या डबीत काय आहे ते मलाही माहीत नाही. आमच्या सरांच्या कपाटात लिफाफा आहे बंद केलेला.

बाबाराव: तुमालेबी माहीत नाई? मंग तुमी डाक्टर कायच्या?

गौरी: मला माहीत असतं, तर औषधाच्या बाजूला माझी सळई आपोआप हळू गेली असती. म्हणून. बरं, परत उघडा. त्या मागच्या दाढेत काहीतरी दिसलं मला.

बाबाराव: राहू द्या ना. भाजी असन.

गौरी: उघडा... हे बघा, निघालं. मावशी, या इकडे, हे काय वाटतं तुम्हाला?

कौसल्या: सुपारी हाय ना हे.

बाबाराव: फणस हाय तो. कालची फणसाची भाजी.

कौसल्या: फणस? घाटंजीत फणस? आवो, माह्या घरात फणस कवा आला? म्या तं चित्रात पाह्यला.

बाबाराव: शेजारच्या मारोतरावच्या घरी जेवलो मी.

कौसल्या: मारोतरावची बायको चार दिवसांपासून माहेरी हाय. तो मानूस आपल्याच घरी जेवून राह्यला. शर्टाचा खिसा दाखवा.

बाबाराव: दवाखान्यात झडती घेतेस?

कौसल्या: दाखवा म्हनते ना! हे पाहा बाई. खर्ऱ्याची पन्नी. अजून ओली हाय.

गौरी: काका, वाजवणाऱ्याचा शब्द?

बाबाराव: आता आयका, म्याडम. खोटं नाई बोलत. पह्यला महिना म्या हात नाई लावला खर्ऱ्याले. तुमची आन. पन हे साल कसं गेलं, तुमालेबी माहीत हाय. बोंडअळीनं कापूस खाल्ला, तं कोनाच्या घरी लगन उभं राह्यना. दरसाली दिवाळीपासून आमाले पाठ टेकाले टाइम नसते. औंदा सारे लोकं म्हनते, सामूहिक लगनामधी उरकून घेऊ. नेर गावाले चाळीस नवरदेव अन बँड एक. बाकीचे दिवस क्लॅरनेट पुसत बसा. आता रिकामा बसला मानूस काय करीन? तोंड तं चालू पायजे.

गौरी: आणि डावीकडेच का ठेवलात?

बाबाराव: डाव्या बाजूले औषध होतं म्हून.

गौरी: हे तुम्हाला कोणी सांगितलं?

बाबाराव: कोनी कायले सांगीन? आपल्याले डोकं नाई का? दुसऱ्या महिन्यात पांढरी डबी कडू लागाले लागली. कडूझार! निळी तशीच, पान्यावानी. म्या म्हनलं, सापडलं. कडू ते औषध. मंग डाव्या बाजूले राखनदार हाय ना! ज्या वावरात राखनदार बसला हाय, त्याच वावरात ढोरं सोडाची. उजव्या बाजूले बिचारीले कोनी नाई, तिच्यावर कायले अन्याव करू?

गौरी: देवा! म्हणजे औषध राखण करतंय म्हणून तिथंच खर्रा?

बाबाराव: हो. तुमच्यावर भरोसा ठेवून.

गौरी: थांबा, थांबा. कडू कशी लागेल? दोन्ही डब्यांना चव नाही. मी स्वतः चाखून बघितल्यात. मावशी, डब्या आणल्यात का सोबत?

कौसल्या: ... पिशवीत असतीन.

गौरी: द्या बरं. ही निळी. ठीक आहे. ही पांढरी... हिचा वास... मावशी, ही तर कोरफड आहे.

बाबाराव: काय हाय?

गौरी: कोरफडीचा गर. हे बघा, हिरवा दोरा पण राहिलाय आत.

बाबाराव: माह्या औषधात कोरफड कोनं टाकली?

कौसल्या: माह्याकडं काय पाहून राह्यले?

बाबाराव: घरात दोघंच राह्यतो आपून. पोरगा प्रफुल्ल बाभुळगावले, पोरगी पायल तिच्या सासरी. कोरफड परसात तुनंच लावली. म्या नाई टाकली. मंग कोन, आळीतल्या भुरीबाईची बकरी?

गौरी: मावशी, मी रागावत नाही. खरं सांगा.

कौसल्या: रागवा ना. रागवाले काय झालं? म्या घेतलं ते औषध.

गौरी: घेतलं म्हणजे? विकलं?

कौसल्या: विकीन कायले? लावलं. माह्या तोंडाले.

बाबाराव: तुह्या तोंडाले काय झालं?

कौसल्या: हे पाहा बाई, याहिले इचारा आता. चाळीस वर्सं झाली लगनाले.

गौरी: रक्त येत होतं का मावशी?

कौसल्या: दात घासला का येते. कैरी खाल्ली का येते. सकाळी उठलं का उशीवर डाग. तुमी याहिले शिकवून राह्यल्या होत्या ना, ब्रश कसा धराचा, डबीतलं बोटानं कसं लावाचं, मी अठीच उभी होती, दाराशी. तुमी त्याहिले सांगत होत्या, म्या शिकून घेतलं. पह्यले चार दिवस निळी लावून पाह्यली. मंग चार दिवस पांढरी. पांढरीत रक्त थांबलं. म्हून पांढरी धरली. मंग ते अर्ध्यावर आलं. रिकामी डबी याहिच्या डोळ्यात भरली असती, तं कोरफड भरली. दिसाले एकसारखी. कडू असते हे मले ध्यानात नाई राह्यलं.

गौरी: म्हणजे तुम्ही पण अभ्यासच केलात!

कौसल्या: तुमच्यावानी लिफाफा नव्हता बाप्पा. पन केला.

बाबाराव: म्हंजे तुनं कोरफड भरली म्हून मले कडू लागलं. कडू लागलं म्हून म्या तठी खर्रा ठेवला. अन तठी ना औषध, ना राखनदार! कौसल्ये, तुनं उघड्या वावरात ढोरं सोडाले लावले मले.

कौसल्या: ढोरं म्या सांगतली होती सोडाले?

गौरी: आणि मावशी, तुम्ही दातांना गुडाखू लावायचात ना? पहिल्या दिवशी मला तंबाखूचा वास आला होता.

कौसल्या: लावत होती. डबी हातात घेतली त्याच दिवशी सोडला.

गौरी: कोणी सांगितलं सोडायला?

कौसल्या: कोन सांगीन? एवढ्या दुरून एसटीनं येऊन आनलेलं औषध, त्याच्यावर गुडाखू चोळला तं औषध वाया नाई का जात?

गौरी: काका, ऐकलंत?

बाबाराव: आयकून राह्यलो. कान दोन्ही चांगले हाय.

गौरी: मावशी, किती वर्षं रक्त येतंय?

कौसल्या: प्रफुल्ल पोटात होता तवापासून.

गौरी: आणि आजवर कोणाला सांगितलं नाही? मागच्या दोन्ही वेळा तुम्ही इथंच होतात.

कौसल्या: याहिचे दात पोट भरत होते आमचं. दात हालला तं सूर हालते, सूर हालला तं सुपारी जाते बँडची. याहिले डाक्टरकडं आननं भागच होतं. माह्या दातानं काय वाजनार होतं?

गौरी: काका, पाणी हवंय का?

बाबाराव: नाई. म्याडम, एक गोष्ट बोलू का? हे सारं झालं त्याच्यानं तुमचं काय नुकसान झालं?

गौरी: माझं? अभ्यासाला वीस पेशंट लागतात. माझ्याकडे बरोबर वीस होते. तुम्ही सात नंबर. पुढच्या आठवड्यात सगळे आकडे सरांना द्यायचेत. आता तुमचे आकडे धरता येणार नाहीत.

बाबाराव: काहून नाई? तुमच्या हातात पेन हाय. डावीकडचे उजवीकडं लिहा, उजवीकडचे डावीकडं लिहा. माहं तोंड काय कोर्टात साक्ष द्याले जाते? दोघंबी चूप बसतो आमी.

कौसल्या: हो बाई. मी तं तशीबी चूपच राह्यतो.

गौरी: काका, कोणती बाजू औषधाची हेच मला माहीत नाही. खोटं लिहायचं ठरवलं तरी कुठल्या बाजूला लिहू?

बाबाराव: हे बराबर हाय. चोरी कराची तं तिजोरी माहीत पायजे.

गौरी: आणि माहीत असतं तरी नसतं लिहिलं. उद्या हेच वाचून कोणी डॉक्टर कोणाच्या हिरडीला ही जेली लावेल. एक मिनिट, मी सरांना फोन करते... हॅलो सर, गौरी बोलतेय. सर, सात नंबरचा पेशंट वगळावा लागेल. तंबाखू, सर. एकाच बाजूला... हो, एकाच बाजूला. आणि सर, दुसरं एक... पांढऱ्या डबीत कोरफड... कोरफड, सर. घरातल्यांनी... नाही सर, मी हसत नाहीये... हो, एकोणीसच राहतात... नाही सर, लिफाफा नको, मी विचारत पण नाहीये. बरं सर.

बाबाराव: रागवले का लय?

गौरी: थोडे. मग हसले. मग परत रागावले. एकोणीसवर चालेल का ते बघतो म्हणाले.

बाबाराव: माह्याच्यानं तुमची डिग्री अडकते का?

गौरी: अडकली तर सहा महिने. ते माझं मी बघते. आता तुमचं ऐका. तुमचा वरचा डावा हा दात, ज्याच्यावर क्लॅरनेट टेकता, तो हलतोय.

बाबाराव: मले माहीत हाय. काढू नका पन.

गौरी: काढत नाही. पुन्हा साफ करते आणि तारेनं शेजारच्या दातांना बांधून ठेवते. पण दोन महिने त्यावर क्लॅरनेट टेकायचं नाही.

बाबाराव: दोन महिने! म्याडम, आज मार्च सरून राह्यला. चौदा एप्रिलची मिरवनूक हाय. तीस वर्सं झाली, घाटंजीच्या मिरवनुकीत सगळ्यांच्या पुढं क्लॅरनेट माहा असते. लगनाची सुपारी गेली तं जाऊ द्या. पन चौदा तारखेले मी नाई वाजवलं तं लोकं म्हनतीन, बाबाराव मेला.

गौरी: यंदा वाजवलंत तर पुढच्या वर्षी नक्की नाही वाजवणार. दात हातात येईल. हे मी अंदाजानं बोलत नाही, मोजून सांगतेय.

बाबाराव: अन नाई वाजवलं तं? टिकन?

गौरी: खर्रा सुटला तर बहुतेक टिकेल. नाही सुटला तर कोणत्याच कोंबड्याचा तुरा कामाचा नाही.

बाबाराव: प्रफुल्लची माय, तू काय म्हनते?

कौसल्या: मले इचारता?

बाबाराव: तुलेच इचारून राह्यलो.

कौसल्या: बांधा बाई तार. घट्ट बांधा. अन लांब उरली तं व्हटबी बांधून टाका.

गौरी: बरं, काकांना भूल देते आधी. मावशी, तोवर तुम्ही त्या खुर्चीवर बसा. तुमच्या हिरड्या बघते.

कौसल्या: माह्या? माह्या कायले? बरं हाय आता.

गौरी: वरून बरं वाटतंय. आत दातांवर दगडासारखा थर साचलेला असेल, तो कोरफडीनं निघत नाही, औषधानंही निघत नाही. उघडा.

कौसल्या: पह्यले याहिले तिकडं तोंड करा म्हनाव.

बाबाराव: मी नाई पाहत.

कौसल्या: पाहून राह्यले. आरशातून पाहून राह्यले.

बाबाराव: नाई पाहत म्हनलं ना. डोळे मिटले. पाहा म्याडम, तुमी सांगा, डोळे मिटले का नाई म्या?

(चार महिन्यांनी. तोच दवाखाना, बाहेर एसटीतून भिजून आलेली छत्री टेकवलेली.)

गौरी: या या. मी तुमचीच वाट बघत होते. एक बातमी आहे.

बाबाराव: डिग्री अडकली का?

गौरी: नाही. एकोणीसवर मान्य झालं. लिफाफा उघडला. औषधाच्या बाजूला रक्त लवकर थांबलं, सूज लवकर उतरली. दात आणि हिरडीमधले खिसे थोडे जास्त भरले. फार नाही, थोडेच. पण एकोणीसपैकी पंधरा जणांत दिसलं.

बाबाराव: अन माह्या तोंडात? कोन्या बाजूले होतं औषध?

गौरी: निळ्या डबीत. उजवीकडे.

कौसल्या: निळीत? मंग पांढरीत?

गौरी: साधी जेली मावशी. काही नव्हतं तिच्यात.

कौसल्या: असं कसं? माहं रक्त पांढरीतच थांबलं!

गौरी: तुम्ही आधी चार दिवस निळी लावली होती. गुडाखू त्याच दिवशी सोडला होता. रोज दोनदा ब्रश सुरू केला होता. आता गुण कशाचा ते कसं सांगू? एक तोंड, चार दिवस. म्हणून तर वीस जण लागतात.

बाबाराव: म्हंजे तीन महिने आमच्या घरात दोघं जन जेलीची चोरी अन जेलीची राखन करून राह्यलो, अन खरं औषध उजवीकडं एकटं काम करत होतं. कोनाले न सांगता.

गौरी: अगदी. आणि तुम्ही पुस्तकात आहात काका.

बाबाराव: मी? माहं नाव छापलं?

गौरी: नाव नाही, नंबर. "रुग्ण क्रमांक सात वगळण्यात आला. रुग्णाने एका बाजूस तंबाखू ठेवला व घरातील व्यक्तीने जेली बदलली."

कौसल्या: घरातील व्यक्ती! बदललं कोनी, डोकं चालवलं कोनी, अन नाव घरातील व्यक्ती.

गौरी: पुढच्या वेळी नाव घालते. खर्रा सुटला का हो?

बाबाराव: सुटला.

कौसल्या: सुटला बाई खरंच. म्या सगळ्या शर्टाचे खिसे शिवून टाकले. आता रुमाल हे टोपीत ठेवतात.

गौरी: आणि चौदा तारीख? नाही वाजवलंत ना?

बाबाराव: नाई वाजवलं. क्लॅरनेट बँडमधल्या बाबूच्या पोराले देला. अन मी चाललो मागं, हिच्यासंगं. बायांच्या रांगेत. तीस वर्सांत पह्यल्यांदा मिरवनूक मधातून पाह्यली म्या. पुढं असलं का मानसाले आपल्याच फुकीचा आवाज येते. मागं मेनबत्त्या असतात, लेकरं असतात खांद्यावर, म्हाताऱ्या गानं म्हनत जातात, हे मले माहीतच नव्हतं. ही बी गाते. लय चांगली गाते.

कौसल्या: खोटं नका सांगू. अर्ध्या रस्त्यात रडले हे.

बाबाराव: बाबूचं पोरगं बेसूर वाजवत होतं म्हून.

गौरी: दोन महिने तर कधीच झाले, वाजवायला सुरुवात केली का?

बाबाराव: तुमी म्हनसान तवा. तार काढाची हाय ना आज?

गौरी: आधी दात हलतो का बघते, मग काढू. मावशींचं पण तपासायचंय. आज गर्दी आहे, एकच खुर्ची मोकळी आहे. कोण बसतंय आधी?

कौसल्या: याहिले घ्या. याहिचं महत्त्वाचं हाय.

बाबाराव: नाई म्याडम. तिले बसवा. मी थांबतो बाहेर.